डाव्या हाताला काम हवं

सावंतवाडीत जमिनीचे वाद कोर्टात जातात, आवाजाचे वाद तालमीच्या खोलीतच मिटवावे लागतात. आवाजाला सातबारा नसतो. असता, तर आमच्या शेजारच्या मांगरात श्रावणभर चालणारं भांडण एखाद्या गरजू वकिलाच्या तरी उपयोगी पडलं असतं.

या मांगरात पूर्वी गवत, जुनी औतं आणि नारळाची सोडणं असत. आता ऑर्केस्ट्रा असतो. गणपती तोंडावर आले की रोज संध्याकाळी तिथे तालीम भरते. गाणारी बाई शाळेत शिक्षिका आहे, गाणारा गडी टेम्पो चालवतो, ऑक्टोपॅडवर कॉलेजातला एक पोरगा, ढोलकीवर त्याचा मामा. उरले दोघे, कीबोर्डवाला आणि बेस गिटारवाला. हा लेख त्या दोघांचा. मी स्वतः कुठलंही वाद्य वाजवत नाही. माझं घर आणि तो मांगर यांच्यामध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे आणि मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, एवढीच माझी संगीतातली पात्रता. तेवढ्यावर मला लवाद नेमण्यात आलं.

भांडण ऐकायला सोपं आहे.

“मेल्या, खालचा सोड रे. तां माजा आसा.”

“सगळाच खालचा तुजा कसा? माका काय खालती पट्ट्यो नाय?”

म्हणणं दोघांचंही बरोबर. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. तिथून सुरुवात करून बोटं वर सरकवत नेली की ती पेटीच्या मधल्या ‘सा’पर्यंत, म्हणजे २६२ पर्यंत आणि त्याच्याही पुढे जाते. आणि ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड डावीकडून सुरू होतो तोच ६५ ला. म्हणजे कीबोर्डची डावीकडची दोन सप्तकं आणि बेसचा बहुतेक सगळा मुलूख एकच. कोकणातल्या सामायिक जमिनीसारखाच हा प्रकार. उताऱ्यावर सगळ्यांची नावं, वाटा कुणाचा कुठून कुठवर हे कुणालाच माहीत नाही. त्यामुळे कुणी कुंपण घालत नाही आणि दुसऱ्याला काजूही काढू देत नाही.

पण जमिनीत दोन भाऊ उभे राहिले तर निदान जमीन चिरडत नाही. खालच्या सप्तकात दोघे उभे राहिले की आवाजाचा चिखल होतो, आणि हे बेसवाल्याच्या रागाचं नव्हे, कानाचं काम आहे. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली स्वरसंवेदनेवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्या कंपनांतल्या फरकाइतके ठोके पडतात, आणि हे ठोके सेकंदाला तीसेकच्या आसपास असले की कानाला ते सर्वांत खरखरीत लागतात, असं त्याने सांगितलं. आता पांढरी एकचा ‘सा’ आणि त्याचा ‘ग’ घ्या. वरच्या सप्तकात ५२३ आणि ६५९. फरक १३६. कानाला दोन वेगळे, गोड, एकमेकांना धरून बसलेले स्वर ऐकू येतात. तेच दोन स्वर तीन सप्तकं खाली आणा: ६५ आणि ८२. फरक १७. आता ‘सा’ही नाही आणि ‘ग’ही नाही, नुसती घरघर. कीबोर्डवाला डाव्या हाताने तीन बोटांचा भरगच्च सूर खाली धरतो तेव्हा ही घरघर तो एकटाच तयार करतो. त्यात बेसवाला आपली तार मिसळतो. मग गाणारी बाई म्हणते, “माझा आवाज आज बसलाय का हो?”

तिचा आवाज बसलेला नसतो. खालचे आवाज वरच्यांना झाकतात, वरचे खालच्यांना तेवढे झाकत नाहीत. कानाची घडणच तशी आहे. तळाला गर्दी झाली की मार गाणाऱ्याला बसतो, आणि तो ज्याच्यामुळे बसला त्याच्याकडे कुणी बघतही नाही, कारण त्याला नीट कुणी ऐकलेलंच नसतं.

मांगरानेही आपला हात धुऊन घेतला होता. आतली लांबी साधारण चार मीटर. चार मीटरच्या खोलीत दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये जो सर्वांत खालचा आवाज घुमतो तो ४३ कंपनांचा असतो. बेसची जाड तार ४१. म्हणजे बेसवाल्याने त्या तारेवर पहिल्या पट्टीच्या आसपास बोट ठेवलं की वाद्याबरोबर चिरेबंदी मांगरही वाजतो. त्या तारेच्या आवाजाची एक लहर आठ मीटरहून लांब असते, मांगराच्या दुप्पट. ती बिचारी खोलीत मावतच नाही. हे मी त्यांना गडग्यावरून समजावून सांगितलं. कीबोर्डवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे सर, मांगर मोठो बांधूक व्हयो.”

हे दोघे वाईट नाहीत, दोन वेगळ्या गावचे आहेत. आता दोघांचीही घरं वाडीतच, चालत पाच मिनिटांवर, पण संगीतात गावं वेगळी. बेसवाल्याची सगळी उमेदवारी बांद्याच्या पलीकडे, गोव्यातल्या हॉटेलांत झाली. पर्यटकांचा हंगाम संपला, पाऊस लागला की तो परत येतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकवत. तिथून शिकून निघालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावं त्यातलीच. त्या रीतीत प्रत्येक वादकापुढे त्याची स्वतःची ओळ लिहिलेली असते. व्हायोलिनवाल्याने ट्रंपेटची ओळ वाजवली तर तो चोर ठरतो. तियात्राच्या, म्हणजे तिथल्या कोंकणी नाटकांच्या, बँडलाही हेच वळण. आमच्या बेसवाल्याला कागद फारसा वाचता येत नाही, पण आपली ओळ वेगळी आणि ती आपलीच, हे त्याच्या हाडात गेलेलं आहे.

कीबोर्डवाला भजनातून आलेला. आजोबा बुवा होते. भजनात कुणाची वेगळी ओळ नसते. बुवा गातात तेच पेटी वाजवते, तेच मागचे कोरसवाले धरतात. सगळे मिळून एकच चाल म्हणायची आणि जेवढी भरता येईल तेवढी भरायची. मोकळी जागा दिसली की तो भरतो. हावरटपणा नाही हा, संस्कार आहे. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याला, समोर दुसरे बुवा दबा धरून बसलेले असताना मोकळी जागा ठेवणं म्हणजे त्यांच्या हातात कोलीत देणं.

मग प्रश्न असा की एवढी भरून काढणारी माणसं असूनही भजनात चिखल का होत नाही? आमच्याकडे गणपतीत घरोघर भजनं होतात. दहा बाय बाराच्या खोलीत पेटी, पखवाज, झांज, टाळ आणि पंधरा गळे कोंबलेले असतात. तरी पखवाजाचा घुमारा स्पष्ट ऐकू येतो, पेटी स्पष्ट, झांज तर नको इतकी स्पष्ट. शेवटी काळ्या वाटाण्यांच्या उसळीची वर्दी आतून येते तीसुद्धा सगळ्यांना स्पष्ट ऐकू जाते.

बरेच दिवस मला वाटायचं, ही सवय असेल. एका संध्याकाळी तालमीत वीज गेली तेव्हा उलगडा झाला.

श्रावणात वाडीत वीज जाणं ही बातमी नाही. त्या दिवशी मात्र ती गेली ती येईचना. कीबोर्ड मेला, बेसचा अँप्लिफायर मेला, ऑक्टोपॅड मेला. ढोलकीवाले मामा तेवढे जिवंत. बाईंना दुसऱ्या दिवशी शाळा होती, तालीम बुडवायची नव्हती. तेव्हा कीबोर्डवाल्याने घरून आजोबांची पेटी आणली, मेणबत्ती लावली, आणि तीच गाणी सुरू झाली. महिनाभर ज्याची वाट बघत होतो तो स्वच्छ आवाज पावसातून, गडग्यावरून माझ्या पडवीत आला. बाईंचा शब्द न् शब्द कळत होता. मी छत्री घेऊन मांगराच्या दारात जाऊन उभा राहिलो, आणि कीबोर्डवाल्याच्या हातांकडे बघत राहिलो.

उजवा हात पट्ट्यांवर. डावा हात भात्यावर.

एवढंच होतं सगळं. डाव्या हाताला काम होतं.

पेटी मूळची आपली नाही. अलेक्सांद्र दबँ या फ्रेंच माणसाने पॅरिसमध्ये १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा ती खुर्चीवर बसून वाजवायची वस्तू होती. भाता पायांनी चालायचा, दोन्ही हात मोकळे, आणि डाव्या हाताने खालचे सूर भरायचे. ती इथे आली. आपण जमिनीवर मांडी घालून बसणारी माणसं. मांडी घातल्यावर पाय कुठे चालवणार? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता पाठीमागे नेऊन हाताने हलवायची पेटी बनवली आणि ती देशभर झाली. या एका बदलाने वादकाचा डावा हात कायमचा हवा भरण्याच्या नोकरीला लागला. पाश्चात्त्य माणूस म्हणेल, अर्धं वाद्य गेलं. पण आपल्याकडे तळाची जागा आधीच दुसऱ्याच्या ताब्यात होती. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, तिने ते जड होतं आणि खोल घुमतं. कणीक कमीजास्त करत ते स्वरात आणतात, वाजवून झालं की खरवडून काढतात. भजनातला खालचा आवाज म्हणजे पखवाजवाल्याचा डावा हात. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर. दोन डावे हात, दोघांना दोन कामं, भांडण नाही.

पेटीलाही खरज असतोच. चांगल्या पेटीत नर आणि मादी सुरांबरोबर खरजाच्या सुरांची एक रांग असते. ती उघडली की आवाजाला भरदारपणा येतो. पण तो खरज उजव्या हाताच्या मागे मागे चालतो, स्वतःच्या बुद्धीने कुठे जात नाही. त्याने कधी पखवाजाशी वाद घातल्याचं मला तरी माहीत नाही.

इथे कुणी जाणकार पायपेटीचं नाव काढेल. दशावतारात पायपेटी असते आणि तिथे दोन्ही हात मोकळे असतात, हे खरं. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे जत्रांचा हंगाम लागतो. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणांची जत्रा तर लांबून लांबून माणसं येऊन बघतात. मग गावोगाव देवळांपुढे रात्रभर दशावतार. वाद्यं मोजून तीन: पायपेटी, मृदंग, झांज. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली, बाकी नटाच्या जिभेवर. कुठल्या क्षणी राजा पद सुरू करील, राक्षस कुठे डरकाळी फोडील, हे वाजवणाऱ्यांना आधी माहीत नसतं. म्हणून पेटीवाल्याचे दोन्ही हात सतत नटाच्या पाळतीवर असतात. बोलणं चालू असताना एक स्वर धरून ठेवायचा, पद आलं की चाल उचलायची. युद्ध लागलं की मृदंग आणि झांज रंगमंच ताब्यात घेतात, तेव्हा पेटी गप्प बसली तरी कुणाला कळत नाही, आणि पेटीवाल्याला त्याचं वाईटही वाटत नाही. तो तेवढ्यात पान लावून घेतो. शिवाय मृदंगाचा खालचा आवाज हा ठोका आहे. पडतो, घुमतो आणि संपतो. पुढचा पडेपर्यंत मध्ये फट राहते, त्या फटीतून पेटी ऐकू येते. बेसची तार आणि कीबोर्डचा धरलेला सूर दोघेही लांबत जाणारे. फट राहतच नाही. गोव्यात मुरलेला बेसवाला म्हणून तर तार छेडल्यावर तिच्यावर बोट टेकवून तिला वेळेवर गप्प करतो; आमच्याला ती कला येते, पण समोरचा बोट उचलेना म्हटल्यावर यानेही सोडून दिली होती.

तर विजेवरच्या कीबोर्डने भाता काढून घेतला आणि शंभर वर्षं नोकरीत असलेला डावा हात एका रात्रीत रिकामा झाला. कॅसिओ कंपनीने १९८० साली पहिला कीबोर्ड बाजारात आणला. आमच्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला अजून कॅसिओच म्हणतात. पेटी वाजवणारे हजारो हात त्याच्याकडे वळले. उजव्या हाताला काय करायचं ते ठाऊक होतं. डावा हात इकडेतिकडे बघत बसला, आणि त्याच्या पुढ्यात खालची दोन सप्तकं मोकळी पडलेली.

वर यंत्राने त्याला फूस दिली. हल्लीच्या कीबोर्डवर डाव्या हाताने नुसता सूर धरला की आतून ड्रम, गिटार आणि बेस सगळे आपापलं वाजवायला लागतात. एक माणूस अख्खी वरात सांभाळू शकतो. लग्नाच्या हॉलमध्ये ते ठीक. पण शेजारी हाडामांसाचा बेसवाला उभा असताना आतलाही बेसवाला वाजवत असतो तेव्हा काय होतं ते आम्ही पंधरा दिवस ऐकलं. आतल्या बेसला गप्प करायचं बटण त्याच यंत्रावर असतं. ते मी पुस्तिकेत शोधून दाखवलं. कीबोर्डवाल्याने ते दाबलं, आणि आतला माणूस गेल्यावर जागा मोकळी दिसली म्हणून ती स्वतःच्या डाव्या हाताने भरली.

वादात त्याच्याकडे आधारही होते. अमेरिकेतल्या द डोअर्स या बँडमध्ये रे मँझारेक हा कीबोर्डवाला उजव्या हाताने ऑर्गन आणि डाव्या हाताने वेगळा छोटा पियानो-बेस वाजवायचा, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं.

“तेंच्याकडे बेसवालो नव्हतो,” बेसवाला म्हणाला. “हंय मी उभो आसंय मां!”

हा मुद्दा बिनतोड होता. शिवाय त्याच बँडला ध्वनिमुद्रणाच्या वेळी बरेचदा बाहेरून बेसवाला बोलवावा लागे, ही माहिती मी पुरवली. लवादाने अशी माहिती पुरवू नये हे मला कळतं. पण यंत्राच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. रोलँड कंपनीने टीबी-३०३ नावाची एक डबी काढली होती, एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. मुंबईच्या सिनेमात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी ती घेतली आणि १९८२ साली तिच्यावर दहा रागांची एक डिस्को रेकॉर्ड काढली. तेव्हा ती कुणी विचारली नाही. तीसेक वर्षांनी जगभरचे लोक ती शोधत आले. गंमत म्हणजे चरणजित सिंग स्वतः बेस गिटार वाजवत. बेसवाल्याने आपल्या हाताने आपली जागा यंत्राला दिली तर त्यातून नवं काही निघतं. दुसऱ्याने यंत्र घुसवलं तर नुसतं भांडण निघतं. हे ऐकून आमच्या बेसवाल्याने फक्त “हां” म्हटलं. त्या माणसाचं एकूण बोलणं मंद्र सप्तकातलंच.

आणखी एक कलम होतं, पट्टीचं. बाईंना काळी दोन लागते, टेम्पोवाल्याला पांढरी एक. कीबोर्डवाला काय करतो? ट्रान्सपोजचं बटण तीनदा दाबतो आणि बोटं पांढरी एकच्या जागीच ठेवतो. यंत्र काळी दोन वाजवतं. त्याला काहीच बदलावं लागत नाही. बेसवाल्याला मात्र सगळी बोटं तीन घरं सरकवावी लागतात. त्याने विचारलं, “खयची पट्टी?” तर कीबोर्डवाला खरं खरं आपल्या बोटांकडे बघून सांगतो, “पांढरी एक.” मग पहिल्या अंतऱ्यापर्यंत दोघे दोन गावांत असतात. गंमत अशी की दोघेही खालीच वाजवत असल्यामुळे, आणि खाली घरघरच चाललेली असल्यामुळे, ही चूक मांगरात कितीतरी वेळ कुणाच्या लक्षात येत नसे. चिखलाचा तेवढा एक फायदा.

पण विजेच्या त्या रात्रीनंतर माझा निकाल तयार होता. डावा हात पट्ट्यांवरून उचलायचा, असं नुसतं सांगून भागणार नव्हतं. ते सांगून झालं होतं. “डावो हात खिशात घाल” असं बेसवाला रोज सांगायचा. एकदा कीबोर्डवाल्याने खरोखरच घातला, आणि दोन गाण्यांनंतर तोच म्हणाला, “सर, माजो डावो हात गप रवना नाय. माका गाणाच सुचना नाय.” ज्या हाताने लहानपणापासून भाता ओढला, त्याला एकाएकी निवृत्त केलं तर उजव्याचाही तोल जाणारच. त्याला काम द्यायला हवं होतं. पण कुठलं?

ते ऑक्टोपॅडवाल्या पोराने शोधलं. कीबोर्डच्या अगदी डाव्या टोकाला, पट्ट्यांच्याही अलीकडे, एक छोटं चाक असतं. महिनाभर त्यावर धूळ होती. हे चाक पुढेमागे फिरवलं की वाजत असलेला स्वर वरखाली सरकतो. १९७० साली आलेल्या मिनीमूग या वाद्यावर अशी चाकं डाव्या बाजूला बसवली होती आणि तेव्हापासून त्यांची ती जागाच झाली. पोराने बासरीचा आवाज लावला, उजव्या हाताने एक पट्टी दाबली, डाव्याने चाक हळू सोडलं. ‘ग’वरून ‘रे’वर स्वर घरंगळत आला. अखंड, मध्ये तुटला नाही.

कीबोर्डवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो तसा का झाला ते कळायला पेटीचं जुनं दुखणं माहीत हवं. पेटीत मींड नाही. एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारावी लागते, मधला रस्ता नसतो. याच कारणासाठी, आणि तिचे स्वर आपल्या श्रुतींना धरून नसतात म्हणून, आकाशवाणीने १९४० साली पेटीला दरवाजा बंद केला, तो तीसेक वर्षं उघडला नाही. गाणाऱ्यांनी पेटी सोडली नाही, घराघरांत ती राहिलीच. पण रेडिओवर बंदी म्हणजे अपमानच होता, आणि पेटीवाल्यांच्या घरांत तो पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. आजोबांनी नातवाला सांगितलेला हा सल आणि त्याच्यावरचं औषध नातवाच्या डाव्या हाताखाली महिनाभर धूळ खात पडलेलं होतं.

त्या दिवसापासून डावा हात चाकावर. भाता जसा हाताळायचा तसंच तो चाक हाताळायला लागला, दाबत, सोडत, श्वास घेत. उजवा हात मधल्या ‘सा’च्या वर. कधी सूर भरायचा झालाच तर वरच्या वर, दोन बोटांनी. खालची सप्तकं रिकामी झाली, आणि बेस पहिल्यांदा ऐकू आला.

हा अनुभव सर्वांना सारखा सुखाचा झाला असं म्हणता येणार नाही. खालचा आवाज मोकळा झाला तेव्हा असं दिसून आलं की टेम्पोवाल्याच्या एका आवडत्या गाण्यात बेसवाला अंतऱ्याला ठरल्यापेक्षा वेगळाच स्वर धरतो आहे आणि बहुधा पहिल्या दिवसापासून धरत आला आहे. “तां तसांच आसा,” तो म्हणाला. दोन दिवसांनी ते तसं राहिलं नाही. ढोलकीवाल्या मामांची तर वेगळीच अडचण. त्यांच्या ढोलकीच्या खालच्या तोंडाला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आता तेही ऐकू यायला लागलं, तर ते नीट करून आणायला हवं, त्याचे पैसे कुणी द्यायचे. पण एकूणात तालीम सुधारली. मांगरसुद्धा कमी घुमायला लागला, कारण तार वेळेवर गप्प होऊ लागली. मी पडवीत बसून बाईंचे शब्द ऐकत होतो आणि लवाद म्हणून आता आपल्याला चहाखेरीज काम नाही असं समजत होतो.

गणपतीला चार दिवस राहिले असताना बाई गडग्यापाशी आल्या. तालीम चालू असताना मध्येच.

“सर, तुम्ही त्याला ते चाक दाखवलंत?”

मी दाखवलं नव्हतं, पोराने दाखवलं होतं. पण पोर शेजारचं आहे म्हणून गप्प राहिलो.

“मी आलाप घेते, तर माझ्या आधी हा घेतो. मी जागा घ्यायला जाते, तर तिथे हा आधीच जाऊन बसलेला. काल ‘नि’वर मी जरा थांबले, तर एवढा लांब सरकवला त्याने की मला वाटलं गाणं संपलं. एवढं त्याला गायचं असेल तर माइक त्यालाच द्या.”

मांगरात शांतता पसरली. कीबोर्डवाल्याने चाकावरचा हात काढला नव्हता, पण दाबतही नव्हता. “बाई, तुमकाच साथ करतंय मां,” तो म्हणाला.

“साथ मागून करायची असते.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी बेसवाल्याकडे बघितलं. या प्रकरणात ज्याला सर्वांत जास्त अनुभव होता तो तोच. तो खाली वाकून जाड तार पिळत होता.

“वरचा काय तां तुमी बगा, सर,” तो म्हणाला. “माजा खालचा आसा.”